मलइयोचं पथ्य

मंगला गौरी, वाराणसी
४ ऑगस्ट २०२५

चि. विद्युल्लतेस,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी सात-आठ वेळा ‘हो’ म्हणालो. त्यातलं एकही ‘हो’ खरं धरू नकोस. कानातलं यंत्र बिघडलंय आणि यंत्राशिवायचा कान फोनवर कामाचा नाही. यापुढे जे सांगायचं ते लिहून पाठव. स्पीड पोस्ट पाच दिवसांत मिळतं.

तुझ्या ताईची मांजर आजारी आहे. मलइयो. हे नाव पद्मानेच ठेवलेलं, हे तुला ठाऊक आहे. थंडीत चौखंब्यात केशरी फेसाची मिठाई मिळते, तसा हिचा रंग. तर ही गेले दोन महिने पाणी पीतच सुटली आहे. माझं पूजेचं पंचपात्रसुद्धा रिकामं करते. साडेपाच किलोची होती, चार किलो झाली. मागचे पाय टाचांवर टेकवून चालते. सिगऱ्याला निवेदिता म्हणून एक जनावरांच्या डॉक्टरीण आहेत, त्यांना दाखवली. रक्तातली साखर ४१२. क्रिएटिनिन २.६. मधुमेह आहे आणि मूत्रपिंडंही निम्म्याहून जास्त कामातून गेलेली आहेत, असं त्या म्हणाल्या. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन एक युनिट.

तू छत्तीस वर्षं जनावरांची डॉक्टर होतीस, म्हणून विचारतो. मी ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या, सुई कुणाला टोचली नाही. माझं वय बहात्तर, हिचं अकरा. पद्माने शेवटच्या आठवड्यात माझ्यासाठी काही सांगून ठेवलं नाही. मांजरीसाठी सांगितलं: “तिचं नीट करा.” म्हणून हे करायचं आहे. कसं, ते लिही.

दिनानाथ


नागपूर
१२ ऑगस्ट

भाऊजी, नमस्कार.

माझी छत्तीस वर्षं म्हशींच्या पोटात हात घालण्यात गेली. मांजर आमच्या दवाखान्यात यायचं ते उंदीर धरायला. तरी जे कळतं ते लिहिते आणि जे कळत नव्हतं ते इथल्या एका तरुण डॉक्टरला विचारून लिहिते.

पहिलं. दूध-पोळी बंद. दूध-भात बंद. तुम्ही पंडित असाल, मांजर पंडित नाही. तिचं पोट मांसावर चालतं. मधुमेहाला पिठूळ काही चालत नाही आणि मूत्रपिंडाला दूध चालत नाही. यात एक पेच आहे: साखरेसाठी मांस भरपूर हवं आणि मूत्रपिंडासाठी बेताचं. तो पेच तुम्ही सोडवायचा नाही. डॉक्टरीणबाई जो डबा लिहून देतील तोच डबा, तेवढाच, त्याच वेळेला.

दुसरं. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई न देता डॉक्टरांना विचारायचं. युनिट आपल्या मनाने कमी-जास्त करायचं नाही. मेथीचं पाणी, कारल्याचा रस वगैरे काशीतला कुणी वैद्य सांगेल, त्याला तुमच्या त्या बहिऱ्या कानाने ऐका.

तिसरं. ती झोकांड्या खायला लागली, थरथरली, तर साखर उतरली असं समजा. हिरड्यांना मध चोळायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. मध हाताशी ठेवा.

चौथं. वही घाला. काय खाल्लं, किती वाजता, साखर किती. डॉक्टर त्या वहीवरून सुई ठरवतात, मांजरीचं तोंड बघून नाही. वहीत खोटं गेलं तर सुईही खोटी. तुम्ही नोंदींत जन्म घालवलात, तेव्हा हे मी तुम्हाला शिकवायला नको.

ताई गेली त्याला वर्ष होऊन गेलं. वर्षश्राद्धाला येता आलं नाही, गुडघ्याने धोका दिला. ते मनाला लागून आहे.

विद्युल्लता


वाराणसी
३० ऑगस्ट

चि. विद्युल्लतेस,

पत्र तीनदा वाचलं. ‘पंडित’ या शब्दातला टोमणा पोचला.

डब्यात कोंबडी आहे. या घरात लसूणसुद्धा आला नाही, हे तुला माहीत आहे. डबे जिन्यातल्या कोनाड्यात ठेवले. वेगळा चमचा, वेगळी बशी. बशी धुतली की मी आंघोळ करतो. दिवसातून दोन आंघोळी जास्तीच्या होतात. पावसाळा आहे, चालतं.

सुई देणं मला एकट्याला जमेना. खालच्या मजल्यावरच्या अंबिकाबाई मिश्र येतात. त्यांच्या यजमानांचं मंगला गौरीच्या पायऱ्यांवर फुलांचं दुकान आहे. त्या मांजर धरतात, मी टोचतो. पहिल्या दिवशी मी स्वतःच्याच अंगठ्यात टोचली. त्या म्हणाल्या, “पंडितजी, शुगर बिल्ली को है कि आपको?” आता हात बसला आहे.

साखर कानाला बारीक टोचून यंत्रावर बघतो. ४१२ वरून ३१०, मग २६०, काल २३०. पाणी कमी पिते. परवा खिडकीत उडी मारली. डॉक्टरीणबाईंनी वही बघून विचारलं, आपण शिक्षक होता का? मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

दिनानाथ


नागपूर
६ सप्टेंबर

भाऊजी,

२३०! शाब्बास. पेढे वाटले असते, पण तुमच्या घरात आता ते कोण खाणार!

१५ तारखेला अविधवा नवमी. ताई सवाष्ण गेली, तेव्हा तिचं या पक्षातलं पहिलं पान त्या दिवशी. माझी गुडघ्याची शस्त्रक्रिया १० तारखेला आहे, मी येत नाही. सवाष्ण म्हणून अंबिकाबाईंनाच जेवायला सांगा. साडीचे पैसे पाठवलेत. तुमच्या हातची खीर सगळ्यांना आवडते म्हणता, तर करा.

आणि तुम्ही स्वतः काय जेवता ते एकदा लिहा. मांजरीचं कळलं.

विद्युल्लता


वाराणसी
२८ सप्टेंबर

चि. विद्युल्लतेस,

शस्त्रक्रिया नीट झाल्याचं कळलं. नवमी यथासांग झाली. अंबिकाबाई जेवल्या, साडी आवडली.

मांजरीची साखर पुन्हा चढली आहे. ३६०, ३९०, ३७५. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाण्यात काही बदल? वहीत बदल नाही. सुई दोन युनिट केली.

क्रिएटिनिन २.९.

दिनानाथ


नागपूर
५ ऑक्टोबर

भाऊजी,

हे काही खरं नाही. इतकी छान उतरलेली साखर अशी एका आठवड्यात चढत नाही. दोनच कारणं असतात. एक, शरीरात कुठे पू किंवा जंतू. दात बघून घ्या, लघवी तपासा. दुसरं, कुणीतरी काहीतरी घालतंय. तुम्ही नाही, तुमची वही मला ठाऊक आहे. अंबिकाबाई? बायका मायेने घालतात हो. जिलेबीचा तुकडा, दुधाची वाटी. विचारून बघा, पण नीट विचारा. तुमचं विचारणं म्हणजे ग्रंथालयात पुस्तक हरवल्यासारखं असतं.

पत्र लहान का होतं? नवमीचं चार ओळी तरी लिहायचं होतं. मी इथे पलंगावर पडून त्या पत्राची वाट बघत होते.

विद्युल्लता


वाराणसी
१३ ऑक्टोबर

चि. विद्युल्लतेस,

दात ठीक. लघवीत जंतू नाहीत. सुई तीन युनिट झाली. साखर आता २५० च्या आसपास.

अंबिकाबाईंना विचारलं.  त्या म्हणाल्या, “हम भूखे रह लें पंडितजी, बीमार जानवर से दगा नहीं करते.” त्यानंतर दोन दिवस आल्या नाहीत. मी उपरण्यात गुंडाळून एकट्यानेच टोचली. आज आल्या, मांजर धरली, सुई होताच खाली गेल्या.

गयेला जाऊन पद्माचं पिंडदान करावं, असं मनात आहे. मांजरीला कुठे ठेवावं हा प्रश्न आहे.

दिनानाथ


नागपूर
२३ ऑक्टोबर, भाऊबीज

भाऊजी,

गयेला जाच. मांजरीपायी माणूस अडकून पडतं का? तीन दिवसांचा प्रश्न. आधी अंबिकाबाईंची माफी मागा, मग त्यांनाच सांगा. सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा: किती वाजता, किती खाणं, किती सुई. हिंदीत लिहा. कागदाबाहेर काही करायचं नाही, असंही लिहा. म्हणजे त्यांनी जर काही घातलं असेल, तर तेही बंद होईल.

विचारायला मीच लावलं होतं, तेव्हा माफीत माझंही नाव घाला.

विद्युल्लता


वाराणसी
९ नोव्हेंबर

चि. विद्युल्लतेस,

मांजर जिवंत आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

मी ३ तारखेला गयेला गेलो. कार्तिकी पौर्णिमेच्या इथल्या देवदिवाळीची गर्दी घाटांवर व्हायच्या आत निघालो. अंबिकाबाईंनी कागदाबाहेर काहीही केलं नाही. वेळेवर डबा, वेळेवर तीन युनिट. ५ तारखेला सकाळी आठला सुई दिली. अकराच्या सुमारास मलइयो जिन्यात पडली. पाय ताठ, तोंडाला फेस. अंबिकाबाईंनी हिरड्यांना मध चोळला, तिला यजमानांच्या गमछ्यात बांधलं आणि निघाल्या. देवदिवाळीमुळे रस्ते बंद, रिक्षा नाही. मैदागिनच्या चौकापर्यंत आणि तिथून पुढे सिगऱ्यापर्यंतही चालत. वाटेत दोनदा थांबून मध लावला. दवाखान्यात साखर ३८ भरली. अर्ध्या तासाने गेल्या असत्या तर उपयोग नव्हता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन दिवस सलाइन. आता क्रिएटिनिन ३.८.

हे का झालं ते मला माहीत आहे. तुला, डॉक्टरीणबाईंना आणि अंबिकाबाईंना माहीत नव्हतं.

नवमीला गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. बारा वाजून गेले. कावळा नाही. आपल्या गल्लीत आता माकडंच जास्त, कावळे कुठे! मी काठी घेऊन माकडं हाकत उभा. एक वाजला, दीड वाजला. मी हे काही मानणाऱ्यांतला नाही, हे तू जाणतेस. दुसऱ्यांच्या घरी कावळ्यासाठी माणसं ताटकळली की मी चेष्टा करत आलो. पण त्या दिवशी मी स्वतःच ताटकळत होतो. वाटलं, पद्माचं काहीतरी राहिलं. माझ्याकडून राहिलं. आणि तेवढ्यात मलइयो वर आली. बत्तीस पायऱ्या. सहा महिन्यांत ती गच्चीवर आली नव्हती. सरळ पानापाशी गेली, वरण-भाताला तोंड लावलं नाही, खीर तेवढी चाटून पुसून खाल्ली आणि माझ्या पायाशी येऊन बसली.

मी रडलो. पद्मा गेली तेव्हा माणसं होती, त्यामुळे रडता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा थोडी खीर केली. बरोबर बाराला. ती आली. मग रोज. चार चमचे, कधी सहा. वहीत लिहिलं नाही. मांजरीला घातलं असं माझ्या मनाने धरलंच नव्हतं, त्यामुळे मी खोटं लिहितो आहे असंही वाटेना. साखर चढली तेव्हा मात्र कळलं. तरी थांबलो नाही. सुई वाढते आहे, म्हणजे भागेल, असा हिशेब केला. अंबिकाबाईंवर आळ गेला तेव्हाही तोंड उघडलं नाही. आणि गयेला जाताना कागदावर खीर लिहायची लाज वाटली. सुई खिरीसकट ठरलेली, आणि खीर बंद. मी घरात असतो तर दुपारी दिली असती आणि काहीच कळलं नसतं.

गयेला पिंड दिला त्याच दिवशी इकडे ही मरायला टेकली होती. पद्माने एकच गोष्ट सांगितली होती.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्यांनी वही बंद करून परत दिली. अंबिकाबाईंना सांगितलं, तेव्हा त्या उठून खाली गेल्या. अजून वर आलेल्या नाहीत.

दिनानाथ


नागपूर
१६ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र आलं आणि मी ते फेकून दिलं. मग पलंगाखालून काठीने ओढून काढलं, कारण वाकता येत नाही.

काय बाप्पा माणूस आहात तुम्ही! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! मी वही घाला म्हणून लिहिलं, ती तुम्ही सुवाच्य अक्षरात घातली आणि त्यात खोटं लिहिलंत. त्या बाईने तुमचा आळ सोसला आणि तुमचं मांजर गमछ्यात बांधून शहर चालत पार केलं. तिच्या दारात जाऊन उभे राहा. तिने दार लावलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

एवढं रागाचं. आता माझं लिहिते. ते लिहायला मला तीन दिवस लागले.

मलइयो खिरीसाठी वर आली, यात काही नवल नव्हतं. ती दहा वर्षं खीर खात होती. मांजराला गोड चव कळत नाही, आटवलेल्या दुधाची साय कळते. तुमच्याकडे सणावाराला, एकादशी सोडायला, पाहुणे आले की खीर. तुम्ही जेवून उठलात की ताई आपली वाटी खाली ठेवायची आणि मलइयो ती साफ करायची. ताईनेच मला सांगितलं होतं, हसत हसत. म्हणाली, “हे तृप्त होतात, मांजर तृप्त होतं, मी सुटते.”

भाऊजी, ताईला खीर आवडत नव्हती. लहानपणापासून नाही. आटवलेल्या दुधाच्या वासाने तिला मळमळायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला तुम्ही स्वतः खीर केलीत, सगळ्यांसमोर तिला पहिली वाटी दिलीत, आणि ती “छान झालीय” म्हणाली. त्यानंतर तिला ते मोडता आलं नाही.

हे मी ऑगस्टमध्येच लिहायला हवं होतं. मधुमेह त्या खिरीनेच झाला असं मी म्हणणार नाही; वय होतं, वजन होतं. पण डॉक्टरला रोग्याचं मागचं खाणं सांगावं लागतं, आणि मी ते लपवलं. दूध-पोळीवरून तुम्हाला बोलले आणि ताईच्या वाटीबद्दल गप्प बसले. मेलेल्या बहिणीची चहाडी करावीशी वाटली नाही. शिवाय ती हसत सांगत होती तेव्हा मी, जनावरांची डॉक्टर, तिच्याबरोबर हसले होते. मी लिहिलं असतं, तर नवमीला मांजर बघून तुम्ही “आली चोरटी” म्हणाला असता. तेव्हा या मांजरीच्या मूत्रपिंडात माझाही वाटा आहे. तुम्हाला एकट्याला शिव्या देऊन मला मोकळं होता येत नाही.

ती किती दिवस काढेल ते डॉक्टरीणबाईंना विचारा आणि मला खरं लिहा.

विद्युल्लता


वाराणसी
३० नोव्हेंबर

चि. विद्युल्लतेस,

खरं लिहितो. सुई आता एक युनिट, साखर २१० ते २४०. क्रिएटिनिन ३.५ वर थांबलं आहे. दोन दिवसांआड कातडीखाली सलाइन द्यावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चार महिने, कदाचित सहा. वर्ष म्हणाल्या नाहीत. नवी वही घातली आहे, ती आठवड्याला अंबिकाबाई वाचून सही करतात. ती अट त्यांची.

त्यांच्या दारात पाच दिवस गेलो. पहिले चार दिवस त्यांच्या यजमानांनी मला झेंडूच्या ढिगापाशी बसवून ठेवलं. पाचव्या दिवशी त्या स्वतः बाहेर आल्या. मी जे बोलायचं ठरवलं होतं ते विसरलो. “मुझसे बड़ा पाप हुआ,” एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, “हुआ तो.” मग वर आल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, “सुई निकालिए.”

डबे आता स्वैपाकघरात, डाळींच्या शेजारी आहेत. जास्तीची आंघोळ सोडली. थंडी पडली आहे आणि ती आंघोळ कुणासाठी होती हे मला सांगता येईना. बारा वाजले की ती अजून येऊन बसते. डॉक्टरीणबाईंना विचारून तिच्या सकाळच्या डब्यातले दोन चमचे मी बारासाठी मागे ठेवतो. ती हुंगते, माझ्याकडे बघते आणि खाते.

तुझं पत्र वाचून आधी मला राग आला. तुझा नव्हे, पद्माचा. एक्केचाळीस वर्षं शेजारी बसून जेवलेल्या बाईने एवढं सांगू नये? दोन दिवस तो राग पुरला. मग आठवायला बसलो की तिच्या ताटात ती आधी कशाला हात लावायची. काय मागून घ्यायची, काय पुरवून खायची. मला एकही पदार्थ आठवला नाही. तिचा हात आठवतो, वाढताना. जेवताना आठवत नाही. ग्रंथालयातली कुठली पोथी कुठल्या फडताळात होती, ते मी आजही सांगू शकतो.

मला फार वाईट वाटतं आहे, विद्युल्लता. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

तर एक काम कर. तुझ्या ताईला काय आवडायचं ते मला लिही. तुमच्या घरी, लग्नाआधी, ती काय मागून खायची? एकच नको, आठवेल ते सगळं लिही. कृतीही सविस्तर लिही. प्रमाण, किती वेळ परतायचं, कशाबरोबर वाढायचं. मला फक्त खीर येते.

मांजरीसाठी विचारत नाही, तिचं पथ्य चालू आहे. मी करून बघीन आणि मीच जेवीन.

दिनानाथ